‘इमॅन्सिपेट’ या शब्दात लपलेला हात

इंग्रजी शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत एक ओळ हमखास असते: फ्री, रिलीज, लिबरेट, डिलिव्हर, इमॅन्सिपेट. पुढे बरोबरचं चिन्ह आणि मराठीत दोनच शब्द, मुक्त करणे. पाठ करायला सोयीचं आहे. पण त्या ओळीवर विसंबून कुणी ‘पोलिसांनी ओलिसांना इमॅन्सिपेट केलं’ असं इंग्रजीत लिहिलं, तर व्याकरणाची एकही चूक नसताना वाचणारा अडखळतो. कपडे नीट, प्रसंग चुकीचा, असं काहीतरी त्याला जाणवतं.

हा शब्द बातम्यांत अधूनमधून डोकावतो आणि दर वेळी वेगळ्याच माणसाला चिकटलेला असतो. जूनमध्ये अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या शेवटाबद्दल लिहिताना तो येतो. १ ऑगस्टला कॅरिबियन देशांतल्या सुट्टीच्या निमित्ताने येतो. मधूनच कधी ‘पंधरा-सोळा वर्षांचा अभिनेता आईवडिलांपासून इमॅन्सिपेट झाला’ अशीही बातमी असते. आता मळ्यावर राबणारा गुलाम कुठे आणि सिनेमात काम करून कमावणारं मूल कुठे? दोघांना एकच क्रियापद लावताना इंग्रजी माणसाला काही विचित्र का वाटत नाही? त्यासाठी थेट रोमपर्यंत मागे जावं लागतं, आणि ती वाट मजेची आहे.

आधी उच्चार सांगून टाकतो. जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘मॅन्’वर. नाम इमॅन्सिपेशन, आणि करणारा तो इमॅन्सिपेटर.

विकलेला मुलगा

लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणं, पकडणं. दोन्ही मिळून झालेला ‘मान्किपिउम’ हा शब्द मालकीसाठी वापरत. जे हाताने धरलं ते आपलं, इतका सरळ हिशेब. पुढे हाच शब्द खुद्द गुलामासाठीही रूढ झाला. त्याच्या आधी ‘बाहेर’ या अर्थाचा ‘ए’ लागला की इमॅन्सिपेटचा पूर्वज तयार होतो: मालकीच्या मुठीतून बाहेर काढणं.

‘हाताने धरणं’ ही नुसती उपमा नव्हती. गुलाम, बैल, घोडे, खेचरं, गाढवं आणि इटलीतली जमीन अशा मोलाच्या गोष्टींची मालकी बदलायची, तर रोमन कायद्यात एक विधी लागायचा. पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला हवेत. आणखी एक जण ब्राँझचा तराजू धरून उभा. घेणारा माणूस त्या वस्तूला प्रत्यक्ष हात लावून ‘हे माझं आहे’ असं ठरलेल्या शब्दांत म्हणायचा, धातूचा तुकडा तराजूवर आपटायचा आणि किंमत म्हणून विकणाऱ्याच्या हाती द्यायचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायुस हे सगळं तपशिलात सांगतो. जमीन काही मुठीत धरता येत नाही, तेव्हा तिच्यासाठी सवलत आहे, हेही तो नोंदवून ठेवतो.

याच मुठीत घरातली मुलंही होती. रोमन बापाचा मुलांवरचा अधिकार मूल वयात आलं म्हणून संपत नसे, बाप मरेपर्यंत चालायचा. चाळिशीचा मुलगा राज्यातल्या सर्वोच्च पदावर बसलेला असला, तरी बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या स्वतःच्या नावावर मालमत्ता होत नसे. मग एखाद्या बापाला मुलाला स्वतंत्र करावंसं वाटलं तर? त्यासाठी कायद्यात थेट सोयच नव्हती.

पण एक फट होती. इसवी सनपूर्व ४५१-४५० च्या सुमारास रोमने बारा पाट्यांवर आपला कायदा लिहून काढला. त्यात एक कलम असं: बापाने मुलाला तीनदा विकलं, तर मुलगा बापापासून मोकळा. हे कलम बहुधा पोटची पोरं पुन्हा पुन्हा विकणाऱ्या बापाला आळा घालायला आलं असावं. पुढच्या पिढ्यांनी त्याचीच पळवाट केली. बाप विश्वासातल्या मित्राला मुलगा ‘विकायचा’. मित्र त्याला सोडून द्यायचा, की मुलगा आपोआप बापाच्या ताब्यात परत. पुन्हा विक्री, पुन्हा सुटका. तिसऱ्या विक्रीला बापाचा अधिकार कायमचा तुटायचा, आणि त्यानंतर सोडलेला मुलगा स्वतःचा मालक. मुलगी किंवा नातवंडं असतील तर एकच विक्री पुरे व्हायची, कारण कलमात फक्त मुलाचा उल्लेख होता! वकिली डोकं दोन हजार वर्षांपूर्वीही असंच चालत होतं.

हे नाटक शेकडो वर्षं चाललं. इसवी सन ५३१ मध्ये सम्राट जस्टिनियनने खोट्या विक्रीची अट काढून टाकली आणि अधिकाऱ्यासमोर जाहीर केलं की झालं, असं ठरवलं.

तर इमॅन्सिपेटचा जन्म घरातला आहे. साखळदंड, तुरुंग, पिंजरा यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. मुलगा आधीही रस्त्यावर मोकळाच फिरत होता आणि नंतरही. बदलली ती कायद्याच्या नजरेतली त्याची जागा.

सुटणे, सोडणे, सोडवणे

इथे मराठी आपल्याला फार मोठी मदत करते. आपल्याकडे एकाच धातूची तीन रूपं रोजच्या बोलण्यात आहेत. ‘तो सुटला’ म्हटलं की कुणी सोडलं हे सांगायची गरज नाही. दोरी कुजली असेल, त्याने स्वतः गाठ सोडली असेल. ‘त्याला सोडलं’ म्हटलं की ज्याने धरलं होतं त्यानेच सोडलं. आणि ‘त्याला सोडवलं’ म्हटलं की तिसराच कुणीतरी मध्ये पडला.

इमॅन्सिपेटला यातलं पहिलं रूपच नाही. इंग्रजीत ‘तो इमॅन्सिपेट झाला’ म्हणायचं, तर ‘कुणाकडून तरी केला गेला’ अशीच रचना करावी लागते. म्हणजे कर्ता वाक्यात दिसला नाही तरी आडून उभा असतो. रोमन बाप मुलाला इमॅन्सिपेट करायचा तेव्हा त्याचा अर्थ होता सोडणे. पुढे संसदा आणि सरकारं लोकांना इमॅन्सिपेट करू लागली तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ झाला सोडवणे, म्हणजे एकाच्या मुठीतून दुसऱ्याने काढणं. सुटणे मात्र या क्रियापदाच्या खात्यात कधीच जमा झालं नाही. हे व्याकरण पुढे इतिहासात फार महागात पडलं.

शेजारचे शब्द

शब्दसंग्रहातल्या त्या ओळीत बसवलेले इतर शब्द एकेका वेगळ्या घरचे आहेत.

सगळ्यांत साधा फ्री. त्याची कुळकथा मराठी वाचकाला खास आवडावी. फ्री आणि आपला ‘प्रिय’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. मूळ अर्थ ‘आवडता, आपला’. जर्मन कुळातल्या भाषांत त्याचा अर्थ सरकत सरकत ‘स्वतंत्र’ झाला. भाषाशास्त्रज्ञ याचं स्पष्टीकरण असं देतात: एका छपराखाली दोन प्रकारची माणसं असायची, रक्ताची आपली माणसं आणि ठेवलेले दास. जी प्रिय ती दास नव्हेत, म्हणून प्रिय म्हणजेच स्वतंत्र. फ्रेंड हा शब्दही त्याच घरातला. हा शब्द इतका जुना आणि इतका सैल आहे की तो कुठेही चालतो: पक्षी, कैदी, देश, मोकळा वेळ, फुकट मिळणारी वस्तू.

रिलीज म्हणजे पकड सैल करणं. कैदी, श्वास, हाताने ओढून धरलेला ब्रेक, आणि शुक्रवारी येणारा सिनेमासुद्धा. अडवून ठेवलेलं काहीतरी पुढे जाऊ देणं एवढाच त्याचा अर्थ. सुटलेल्याचा दर्जा बदलला का, याची रिलीजला फिकीर नाही. जामिनावर बाहेर आलेला आरोपी रिलीज होतो आणि आरोपीच राहतो.

लिबरेट शत्रूच्या ताब्यातल्या मुलखासाठी शोभतो. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस लिबरेट झालं. तिथे इमॅन्सिपेट लावलं तर हसू येईल. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांनी या शब्दाची फिरकीही घेतली. कुणाच्या तळघरातून दारूची बाटली उचलली की ते ‘लिबरेट केली’ म्हणायचे, आणि तो खट्याळ अर्थ आजही कोशांत आहे.

डिलिव्हर हा लिबरेटचाच लॅटिन भाऊ. आज पार्सल पोचवण्यात त्याचा जन्म जातो, पण संकटातून सोडवणं हा त्याचा जुना अर्थ प्रार्थनांमध्ये टिकून आहे. बाळंतपणासाठी तो वापरतात त्यामागेही तेच. जुन्या इंग्रजीत आई बाळापासून ‘डिलिव्हर’ व्हायची, म्हणजे मोकळी व्हायची. आपल्याकडे ‘बाई सुखरूप सुटली’ म्हणतात, अगदी तसंच.

रिडीम म्हणजे पैसे भरून परत सोडवून घेणं, गहाण टाकलेला दागिना सोडवावा तसं. एक्स्ट्रिकेट म्हणजे गुंत्यातून, लचांडातून अंग काढून घेणं. मॅन्युमिट नावाचा आणखी एक आहे. तो फारसा दिसत नाही, पण पुढच्या गोष्टीत त्याचं काम आहे.

या गर्दीत इमॅन्सिपेट ओळखायचा कसा? घराचं उदाहरण घ्या. दाराला बाहेरून कुलूप लागलं आणि आपण आत अडकलो, तर कुलूप उघडणारा आपल्याला रिलीज करतो. पण घर गहाण असेल, तर दारं सताड उघडी असूनही घरावर दुसऱ्याचा हक्क बसलेला असतो. तो कुठे दिसत नाही. कागदावर असतो. तो हक्क उठवणं, आणि तेही घरावरून नव्हे तर माणसावरून, हे इमॅन्सिपेटचं काम.

गुलामांसाठी वेगळा शब्द होता

रोमन लोक गुलामाला सोडताना मॅन्युमिटचा पूर्वज वापरत: ‘हातातून जाऊ देणं’. मुलगा इमॅन्सिपेट व्हायचा, गुलाम मॅन्युमिट. इंग्रजीने सतराव्या शतकात इमॅन्सिपेट उचलला तेव्हा हा भेद हळूहळू पुसट झाला. आज ढोबळमानाने असं दिसतं, की एका मालकाने आपल्या एका गुलामाला कागद करून दिला तर ते मॅन्युमिट, आणि कायद्याने सगळ्यांवरची मालकीच उठवली तर इमॅन्सिपेट. एक खाजगी दार आहे, दुसरा सार्वजनिक रस्ता.

हा फरक एका माणसाच्या आयुष्यात लख्ख दिसतो. गुलाम म्हणून जन्मलेला फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमधून पळाला. मराठीत सरळ म्हणता येईल, सुटला. उत्तरेत पोचला, लग्न केलं, गुलामगिरीविरुद्ध भाषणं देऊन नावारूपाला आला. पण कागदावर तो अजून कुणाची तरी मालमत्ता होता, आणि त्याला पकडून परत नेणं कायद्याला धरून झालं असतं. तो ब्रिटनच्या दौऱ्यावर असताना तिथल्या स्नेह्यांनी १५० पौंड जमवून मालकाला दिले, आणि डिसेंबर १८४६ मध्ये त्याचा मॅन्युमिशनचा कागद झाला. सुटल्यानंतर आठ वर्षांनी त्याला सोडलं गेलं.

यावरून त्याच्याच चळवळीतले काही जण चिडले. पैसे देणं म्हणजे माणसावर मालकी असू शकते हे मान्य करणं, असा त्यांचा आक्षेप. डग्लसने पैसे देण्याची बाजू घेतली. दरोडेखोराला पैसे दिले म्हणून दरोडा न्याय्य ठरत नाही, या धर्तीचा त्याचा युक्तिवाद होता. मला त्याचं पटतं. पण आक्षेप घेणाऱ्यांनी शब्दातली खोच अचूक पकडली होती, हेही खरं.

हात उचलण्याची किंमत, आणि ती कुणाला?

एकोणिसाव्या शतकात हा शब्द संसदेत शिरला, आणि पहिल्यांदा गाजला तो गुलामांसाठी नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या कॅथलिकांना संसदेत बसता येत नव्हतं, कारण सदस्याने घ्यायची शपथच त्यांच्या धर्माविरुद्ध होती. आयरिश कॅथलिकांचा नेता डॅनियल ओ’कॉनेल १८२८ मध्ये आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातून निवडून आला आणि शपथेपाशी अडला. १८२९ च्या कायद्याने ती अडचण गेली. या सगळ्याला आजही कॅथलिक इमॅन्सिपेशन म्हणतात. इथे मालक नाही, बेडी नाही. आहे ती कायद्याने लादलेली कमतरता, आणि तिचं उठणं. फ्रान्समधल्या ज्यूंना १७९१ मध्ये समान नागरिकत्व मिळालं, त्यालाही हाच शब्द लावतात.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. १८२९ मध्येच आयर्लंडमधल्या परगण्यांत मतदानासाठी लागणारी जमिनीची किमान पात्रता ४० शिलिंगांवरून एकदम १० पौंडांवर नेली गेली. म्हणजे पाचपट. ज्या गरीब कुळांच्या मतांवर ओ’कॉनेल निवडून आला होता, त्यांतल्या बहुतेकांचं मतच गेलं.

मग आला १८३३ चा ब्रिटिश गुलामगिरी निर्मूलन कायदा, १ ऑगस्ट १८३४ पासून लागू. त्या दिवशी सगळे सुटले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सहा वर्षांखालची मुलं लगेच मोकळी झाली. बाकीच्यांना बहुतेक वसाहतींत ‘शिकाऊ कामगार’ असं नवं नाव मिळालं आणि आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनपगारी काम जुन्याच मालकाकडे करावं लागलं. अँटिग्वा आणि बर्म्युडाने तेवढी ही मधली पायरी गाळली. ती व्यवस्था १ ऑगस्ट १८३८ ला संपली. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला मुलूख तर या कायद्यातून वगळलेलाच होता.

नुकसानभरपाईही होती, २ कोटी पौंड. गुलामांना? छे. मालकांना! ‘आमच्या मालमत्तेवरचा हात सरकार उचलायला लावतंय, तर तिची किंमत द्या’ असा तो हिशेब. त्यासाठी काढलेलं कर्ज पुढे दुसऱ्या कर्जांत मिसळत गेलं आणि त्याचा शेवटचा हप्ता ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला. राबलेल्यांना एक पेनी मिळाली नाही.

रशियात १८६१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याने भूदासांना मोकळं केलं. इंग्रजी इतिहासकार त्यालाही इमॅन्सिपेशन म्हणतात. तिथे तर ज्यांना मोकळं केलं त्यांच्याकडूनच जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते घ्यायचं ठरलं, ४९ वर्षांचे. १९०५ च्या उठावानंतर सरकारला ते माफ करावे लागले.

हा योगायोग नसावा असं मला वाटतं. ज्या क्रियापदाच्या पोटात ‘मालकाचा हात’ आहे, त्याच्या छायेखाली झालेल्या व्यवहारांत मालकाची विचारपूस आधी झाली.

पण लिंकनने १८६३ मध्ये सगळे गुलाम मुक्त केलेच ना?

हा प्रश्न येणारच. अमेरिकेच्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनने १ जानेवारी १८६३ ला काढलेली ती प्रसिद्ध घोषणा बंड केलेल्या राज्यांपुरती होती. संघराज्यात राहिलेली केंटकी, डेलावेअर, मेरीलँड, मिझुरी ही गुलामगिरीची राज्यं तिच्यात नव्हती. अख्खं टेनेसी आणि लुइझियानाचे काही भागही वगळले होते. लिंकनने ती युद्धातला उपाय म्हणून, सेनापतीच्या अधिकारात काढली होती, आणि तो अधिकार शत्रूच्या मुलखापुरताच चालत होता. म्हणून ती पोकळ ठरते का? नाही. सैन्य पुढे सरकेल तसतशी ती खरी होत गेली, आणि तिने कृष्णवर्णीयांना सैन्यात भरती व्हायची वाट उघडली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जण लढले.

गंमत अशी की या घोषणेला सगळं जग इमॅन्सिपेशनची घोषणा म्हणतं, पण तिच्या मजकुरात इमॅन्सिपेट हे क्रियापद येत नाही. तिथे साधं ‘फ्री’ आहे: हे लोक आजपासून आणि यापुढे फ्री. लिंकनची भाषा किती नेमकी होती याचा मी हा पुरावा मानतो. त्याने त्यांचा दर्जा जाहीर केला, ‘मी त्यांना सोडतो’ असं म्हटलं नाही. ‘महान इमॅन्सिपेटर’ ही पदवी इतरांनी दिलेली.

पूर्ण देशात गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. इमॅन्सिपेशन हा शब्द अमेरिकी राज्यघटनेत सापडतो तो १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत, आणि तोही कुठे पाहा: गुलाम गेल्याबद्दल किंवा त्याच्या इमॅन्सिपेशनबद्दल कुणीही भरपाई मागितली तर ती दिली जाणार नाही. मालकांचा दावा बाद करायला हा शब्द आणावा लागला.

आता ‘सुटणे’कडे परत येऊ. मे १८६१ मध्ये, घोषणेच्या दीड वर्षाहून अधिक आधी, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे रात्री होडीने व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यावर सरकारी सैन्याकडे आले. मालकाच्या माणसाने त्यांना परत मागितलं. सेनापती बटलरने नकार दिला, पण कारण काय दिलं? शत्रूची युद्धात उपयोगी पडणारी मालमत्ता जप्त करता येते, हे! तिघे स्वतःच्या पायांनी आले होते आणि कागदावर ‘जप्त’ झाले. त्यांच्या मागोमाग हजारो लोक सैन्याच्या छावण्यांकडे येत राहिले, आणि या लोंढ्यामुळे सरकारला निर्णय घ्यावा लागला.

म्हणून गेली काही दशकं इतिहासकारांत वाद आहे: गुलामांना कुणी सोडवलं, लिंकनने, सैन्याने की त्यांनी स्वतःच? इंग्रजीत तर ‘सेल्फ-इमॅन्सिपेटेड’ असा जोडशब्द वापरतात, कारण त्याशिवाय त्या तिघांना वाक्यात कर्त्याची जागाच मिळत नाही. मराठीला एका ‘सुटले’वर भागतं.

आईवडिलांपासून इमॅन्सिपेट होणारी मुलं

त्या अभिनेत्याची बातमी आता उलगडेल. अमेरिकेत अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत मूल कायद्याने स्वतंत्र ठरू शकतं. लग्न, सैन्यात भरती किंवा न्यायालयाचा हुकूम हे नेहमीचे मार्ग, आणि नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात न्यायालयाकडून हा हुकूम मिळवायला मूल किमान १४ वर्षांचं हवं, पालकांच्या संमतीने वेगळं राहत असावं आणि स्वतःच्या पैशांचा कारभार स्वतः पाहत असावं. हुकूम मिळाला की ते करारावर सही करू शकतं, उपचारांना स्वतः संमती देऊ शकतं. मत देणं किंवा दारू विकत घेणं मात्र जमत नाही. त्यांची वयं वेगळ्या कायद्यांनी ठरलेली आहेत.

म्हणजे इमॅन्सिपेटचा हा सर्वांत जुना अर्थ आहे, रोमन बापलेकाचा. बातमीत तो नवा वाटतो इतकंच. त्याची दुसरी बाजू मात्र बातमीत क्वचित येते: मूल इमॅन्सिपेट झालं की पालकांची पोसण्याची जबाबदारीही संपते. घटस्फोटानंतर मुलांच्या खर्चापोटी द्यायची रक्कम कधी थांबणार, हे ठरवताना अमेरिकी न्यायालयं नेमका हाच शब्द वापरतात. रोममध्येही तसंच होतं. इमॅन्सिपेट झालेला मुलगा जुन्या कायद्यानुसार बापाच्या वारशाला मुकायचा, आणि नंतर न्यायाधिकाऱ्यांनी त्याला वाटा मिळवून द्यायची सोय केली. धरणारा हातच घास भरवणारा असतो, तेव्हा तो उचलला जाण्याला दोन बाजू असतात.

शब्दाच्या मुळाला इतकं धरून बसायचं का?

रास्त शंका आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, आजीच्या आजीच्या नावात नसतो. इमॅन्सिपेटने तर हे स्वतःच दाखवून दिलंय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘दुसऱ्याच्या हाती सोपवणं’ असाही होत असे. विक्रीच्या विधीतूनच तो आलेला, त्यामुळे त्यात नवल नाही. क्लिओपात्राच्या सैन्यात राबणाऱ्या रोमन शिपायाला कवी होरेसने ‘एका बाईला इमॅन्सिपेट झालेला’ म्हटलं, आणि त्याला म्हणायचं होतं ‘तिचा गुलाम झालेला’. इंग्रजीत आज याच्या नेमका उलट अर्थ आहे.

मग मी मुळाची कथा का सांगितली? कारण या शब्दाच्या बाबतीत आजचा वापरही त्याच चाकोरीतून जातो. ओलीस, पिंजऱ्यातला पक्षी, अडकलेलं बोट, लिफ्टमध्ये कोंडलेला माणूस यांना कुणी इमॅन्सिपेट करत नाही. तिथे बळजबरी किंवा अपघात आहे, मान्यताप्राप्त अधिकार नाही. आरोपीला निर्दोष सोडणं याला वेगळा शब्द आहे, करातून सूट देण्याला वेगळा. जिथे कायदा, रूढी किंवा समाजरचना एका माणसाला दुसऱ्याच्या अधिकाराखाली ठेवते आणि तो अधिकार उठतो, तिथे इमॅन्सिपेट. स्त्रियांच्या बाबतीत तो एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे, कधी आदराने तर कधी ‘फारच सुधारलेली बाई’ अशा खवचट सुरात.

आणि मनाचं काय? मन इमॅन्सिपेट करणं, पूर्वग्रहांपासून स्वतःला इमॅन्सिपेट करणं, हे प्रयोग इंग्रजीत छान बसतात. जमैकातला कृष्णवर्णीयांचा नेता मार्कस गार्वी याने १९३७ मध्ये कॅनडातल्या एका भाषणात याच क्रियापदाने आपल्या लोकांना मानसिक गुलामगिरीतून बाहेर पडायला सांगितलं. शरीर दुसरे सोडवतील, मन आपल्यालाच सोडवावं लागेल, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. ज्या क्रियापदाला नेहमी दुसरा कुणीतरी कर्ता लागायचा, त्याच्या कर्त्याच्या जागी गार्वीने ‘आपण’ ठेवलं.

मराठीत आणताना

भाषांतर करताना ‘मुक्त करणे’ बऱ्याचदा चालतं, फक्त कशापासून ते सांगावं लागतं. इंग्रजीत या क्रियापदामागे बहुधा ‘फ्रॉम’ येतं, तोच धागा धरायचा. गुलामांबद्दल असेल तर दास्यमुक्ती नेमकं बसतं. कॅथलिक किंवा ज्यूंबद्दल असेल तर ‘समान हक्क मिळाले’ असं उलगडून लिहावं, कारण ‘कॅथलिकांची मुक्ती’ वाचून लोकांना मोक्ष आठवेल. अमेरिकी मुलाबद्दल ‘आईवडिलांपासून मुक्त’ लिहिलं तर त्यांनी त्याचा छळ केला असावा असं वाटतं. तसं असेलच असं नाही. ‘न्यायालयाने त्याला अठरा वर्षांच्या आत स्वतंत्र ठरवलं’ हे लांब आहे, पण खरं आहे.

आणि फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड यांच्याबद्दल लिहायची वेळ आली, तर ते किल्ल्यावर ‘पोचले’ लिहावं.